दुकानदार नसलेले दुकान आणि डब्यातली तूट : प्राथमिक शाळेत सचोटी शिकवायची कशी?

पाटीपेन्सिल (धागाकर्ती)

नमस्कार. मी बीड जिल्ह्यातील एका गावात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवते. शाळा पहिली ते पाचवीची आहे, पट ८७ आहे आणि आम्ही चार शिक्षक आहोत. मला एका अडचणीविषयी येथील अनुभवी मंडळींचे मत हवे आहे. परंतु ती नीट कळावी म्हणून थोडे विस्ताराने लिहावे लागेल.

जूनच्या अखेरीस आम्ही शाळेत ‘सचोटीचे दुकान’ सुरू केले. कल्पना आमची नव्हे. अनेक शाळांतून असे दुकान चालवले जाते. व्हरांड्यातील एका जुन्या लाकडी मांडणीवर पेन्सिली, खोडरबर, टोकयंत्रे, पट्ट्या आणि वह्या ठेवल्या आहेत. प्रत्येक वस्तूपुढे किमतीची चिठ्ठी आहे, शेजारी बिनकुलपाचा पत्र्याचा डबा आहे आणि सुतळीने बांधलेली एक वही आहे. मुलाने वस्तू घ्यावी, वहीत लिहावे, डब्यात पैसे टाकावेत आणि सुटे हवे असल्यास डब्यातूनच घ्यावेत, अशी पद्धत आहे. दुकानदार कोणीही नाही. माल तालुक्याहून घाऊक भावाने आणतो आणि त्याच भावाने विकतो, त्यामुळे पेन्सिल ४ रुपये, खोडरबर ३ रुपये, पट्टी ७ रुपये असे भाव आहेत.

जुलैमध्ये ६३८ रुपयांचा माल गेला आणि डब्यात ५९७ रुपये निघाले, म्हणजे ४१ रुपयांची तूट आली. ऑगस्टमध्ये ती ९६ रुपये झाली. रक्कम मोठी नाही आणि ती आम्ही चौघे मिळून सहज भरू शकतो. परंतु ज्या भिंतीला मांडणी टेकली आहे त्याच भिंतीवर मूल्यांची यादी रंगवलेली आहे, रोज सकाळी त्याच व्हरांड्यात परिपाठ होतो, मुले प्रतिज्ञा म्हणतात, एक विद्यार्थी सुविचार सांगतो, दुसरा बोधकथा वाचतो, आणि त्यानंतर तासाभरात त्याच मुलांपैकी कोणीतरी डब्यात पैसे न टाकता पेन्सिल उचलतो, हे मला बोचू लागले.

शिक्षकांच्या बैठकीत तीन सूचना आल्या. पहिली, दुकान बंद करावे. दुसरी, ज्या वर्गाच्या खरेदीत तूट येणार नाही त्या वर्गाला दरमहा ‘प्रामाणिक वर्ग’ अशी ढाल द्यावी. तिसरी सूचना शाळा व्यवस्थापन समितीच्या एका सदस्यांची होती, ती म्हणजे व्हरांड्यात कॅमेरा बसवावा. काही ठरण्यापूर्वीच आमच्यापैकी एकाने मधल्या सुट्टीत चौथीच्या मुलांची दप्तरे उघडून पाहिली. एका मुलाच्या दप्तरात तीन कोऱ्या पेन्सिली निघाल्या. त्या त्याच्या मामाने आठवडी बाजारातून आणल्या होत्या, हे दुसऱ्या दिवशी त्याच्या आजीने शाळेत येऊन सांगितले. परंतु तोपर्यंत गावभर व्हायची ती चर्चा होऊन गेली होती.

‘मूल्यवर्धन’ हा उपक्रम २००९ मध्ये आमच्याच जिल्ह्यातील जिल्हा परिषद शाळांतून सुरू झाला होता आणि मी त्याचे प्रशिक्षण घेतले आहे. जोडीत बोलणे, गटात चर्चा करणे, खेळातून नियम ठरवणे हे सारे मी वर्गात करते आणि मुले त्यात रमतातही. वर्गात मुले जी उत्तरे देतात ती ऐकून कोणाचाही ऊर भरून यावा. प्रश्न आहे तो वर्गातले उत्तर आणि व्हरांड्यातला डबा यांच्यामधल्या अंतराचा. ढाल द्यावी का? कॅमेरा बसवावा का? की दुकान बंद करून हा अध्याय संपवावा?

रोकडा

माझे किराणा मालाचे दुकान आहे, म्हणून व्यवहारातले सांगतो. उघडा गल्ला ठेवून गिऱ्हाइकाची परीक्षा पाहू नये, असे आमचे वडील म्हणत. मोठी माणसेदेखील मोहात पडतात, तेथे आठ वर्षांच्या मुलाकडून अपेक्षा कशाची करायची? पाचवीतील दोन मुले आळीपाळीने दुकानावर बसवावीत. तूट थांबेल आणि हिशेबही शिकतील.

निवृत्त मास्तर

बाई, आपला प्रश्न वाचून पंचवीस-तीस वर्षे मागे गेलो. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात आमच्याकडे मूल्यशिक्षणाचा आग्रह आला तेव्हाची दहा मूल्ये मला आजही ओळीने पाठ आहेत : राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता, सर्वधर्मसहिष्णुता, स्त्री-पुरुष समानता, श्रमप्रतिष्ठा, वैज्ञानिक दृष्टिकोन, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, वक्तशीरपणा आणि नीटनेटकेपणा. आपल्या भिंतीवर बहुधा हीच असावीत. मी त्यांवर तासिका घेतल्या, तक्ते केले, अधिकारी आले तेव्हा मुलांकडून धडाधडा म्हणूनही घेतली.

निवृत्तीनंतर एकदा एका माजी विद्यार्थिनीशी बोलत असता ती हसत म्हणाली, ‘गुरुजी, तुमच्या टेबलावरचा तांब्या रोज आम्हा मुलींनाच भरून आणावा लागे आणि घंटा वाजवायला मात्र नेहमी मुलगेच असत.’ मला ते आठवत नव्हते. तिला आठवत होते. स्त्री-पुरुष समानता मी फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिली होती आणि तिने जे शिकायचे ते तांब्याकडून शिकून घेतले होते.

साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तेथील छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. मुले शाळेत गेली की ते त्यांच्या खोल्या झाडत आणि अंथरुणांच्या घड्या घालून ठेवत, असे सांगतात. मुलांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ नावाचे हस्तलिखित चालवत. आपल्याकडे गुरुजींचे नाव निघाले की डोळे पुसण्याची एक रीत पडली आहे, आणि त्या ओल्या आठवणींत हे रोजचे कष्ट हरवतात. खोली झाडण्याविषयी त्यांनी व्याख्यान दिले असते तर ते कोणी लक्षात ठेवले असते असे मला वाटत नाही.

आपल्या तीन सूचनांविषयी माझे मत एवढेच की दप्तरे उघडली गेली त्या दिवशी त्या चौथीच्या मुलाला आणि ते पाहणाऱ्या साऱ्या वर्गाला जे शिकवले गेले, ते पुसल्याशिवाय पुढचा पाठ घेता येणार नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी केली आहे, हे तर आहेच. पण कायदा बाजूला ठेवा. त्या मुलाची क्षमा कोणी मागितली का?

सुरवंट

मी बालमानसशास्त्राची अभ्यासक आहे. ढालीच्या सूचनेबाबत माझा ठाम विरोध आहे आणि त्याची कारणे थोडी सविस्तर मांडते.

१९७३ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी एक प्रयोग केला. ज्या मुलांना रंगीत पेनांनी चित्रे काढायला मुळातच आवडत होते, त्यांपैकी काहींना ‘चित्र काढलेस तर प्रमाणपत्र मिळेल’ असे आधी सांगितले आणि ते दिलेही. काहींना न सांगता नंतर दिले आणि काहींना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी तीच पेने वर्गात पुन्हा ठेवली, तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर चित्रे काढलेली मुले इतरांच्या सुमारे निम्माच वेळ त्यांच्याकडे फिरकली. जे काम आनंदाचे होते ते मोबदल्याचे झाले आणि मोबदला थांबताच त्यातला रसही ओसरला. सचोटीचा मोबदला म्हणून ढाल दिली तर हेच होण्याची भीती आहे. शिवाय ढाल वर्गाला मिळणार, म्हणजे तूट आल्यास वर्ग आपल्यातला ‘चोर’ शोधू लागेल, आणि तो बहुधा आधीच बदनाम झालेला तो चौथीतला मुलगा ठरेल.

दुसरी गोष्ट वर्गातले उत्तर आणि व्हरांड्यातला डबा यांच्यामधील अंतराची. हे अंतर पाहून आपण खचू नये, कारण ते फार जुने आहे. १९२० च्या दशकात हार्टशोर्न आणि मे या संशोधकांनी आठ ते सोळा वर्षांच्या सुमारे ११ हजार मुलांना परीक्षेत, खेळात आणि इतर प्रसंगी लबाडी करण्याची संधी मुद्दाम ठेवून पाहिली होती. प्रामाणिक मुले एका बाजूला आणि अप्रामाणिक दुसऱ्या बाजूला, अशी विभागणी त्यांना आढळली नाही. गणिताच्या चाचणीत उत्तर बदलणारा मुलगा पैशाला हात लावेलच असे नव्हते आणि पैसे उचलणारा खेळात खोटे बोलेलच असेही नव्हते. काय बरोबर आणि काय चूक याचे तोंडी ज्ञान आणि प्रत्यक्ष वागणूक यांचा संबंधही क्षीण निघाला. तात्पर्य, ‘हा मुलगा प्रामाणिक आहे का’ हा प्रश्नच बहुधा चुकीचा आहे. ‘कोणत्या परिस्थितीत प्रामाणिक राहणे त्याला सोपे जाते’ हे विचारावे.

तिसरी गोष्ट वयाची. स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी मुलांना दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एका मुलाने दार उघडताना त्यामागच्या पंधरा कपांना नकळत धक्का लागून सगळे फुटले. दुसऱ्याने आई घरी नसताना मुरंबा चोरून खाण्याच्या खटपटीत एक कप फोडला. अधिक वाईट कोण? साधारण सहा-सात वर्षांपर्यंतची मुले पंधरा कप फोडणाऱ्याकडे बोट दाखवतात. हेतूपेक्षा नुकसान त्यांना मोठे दिसते. आपली पहिली-दुसरीची मुले याच वयाची आहेत. त्यांना ‘९६ रुपयांची तूट आली’ असे रागाने सांगितले, तर त्यांच्या मनात पंधरा कप फुटतात आणि ती घाबरून गप्प बसतात.

पाटीपेन्सिल

निवृत्त मास्तर, त्या मुलाची क्षमा कोणीही मागितलेली नव्हती. तुमचा प्रश्न मी शिक्षकांच्या खोलीत जसाच्या तसा वाचून दाखवला. बराच वेळ कोणी काही बोलले नाही.

सुरवंट, परिस्थितीविषयी तुम्ही लिहिलेले मला पटले. एक विचारते. बोधकथांचा काही उपयोग होतो का? आमच्याकडे परिपाठात आठवड्यातून दोनदा तरी खोटे बोलणाऱ्याचे वाईट झाल्याची कथा असते. ‘लांडगा आला रे आला’ तर मुलांना तोंडपाठ आहे.

सुरवंट

नेमकी हीच कथा तपासली गेली आहे. कांग ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये तीन ते सात वर्षांच्या मुलांबरोबर एक खेळ खेळला. पाठीमागे ठेवलेले खेळणे आवाजावरून ओळखायचे, वळून पाहायचे नाही, असा नियम होता. मधेच प्रयोगकर्ती खोलीबाहेर जाई, तेव्हा अनेक मुले वळून पाहतच. परत आल्यावर ती एक गोष्ट वाचून दाखवी आणि मग विचारी, ‘तू वळून पाहिलेस का?’ लांडग्याची गोष्ट ऐकलेल्या आणि खोटे बोलल्यावर नाक वाढणाऱ्या पिनोकिओची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी इतरांपेक्षा अधिक खरे सांगितले, असे झाले नाही. फरक पडला तो जॉर्ज वॉशिंग्टनच्या चेरीच्या झाडाच्या गोष्टीने, ज्यात मुलगा झाड तोडल्याची कबुली देतो आणि वडील त्याच्या खरेपणाचे कौतुक करतात. संशोधकांनी मग त्याच गोष्टीचा शेवट बदलून तिच्यात खोटे बोलण्याचा वाईट परिणाम दाखवला, तर तिचाही प्रभाव नाहीसा झाला.

गमतीचा भाग असा की चेरीच्या झाडाची ती कथा स्वतःच रचलेली आहे. वॉशिंग्टनच्या एका चरित्रकाराने ती घुसडली असे मानले जाते. खरेपणाची सर्वांत परिणामकारक ठरलेली गोष्ट खोटी निघावी, यावर काय बोलावे!

एका प्रयोगावरून सर्व बोधकथा मोडीत काढू नयेत. परंतु आपल्या परिपाठातल्या कथांत लांडगे किती आणि खरे सांगणाऱ्याला जवळ घेणारे वडील किती, हे एकदा मोजून पाहावे.

परदेशस्थ आई

आम्ही गेली सहा वर्षे तोक्योत आहोत आणि माझी मुलगी येथील सरकारी प्राथमिक शाळेत चौथीत आहे. जपानमध्ये ‘दोतोकु’ म्हणजे नैतिक शिक्षणाचा तास १९५८ पासून आहे आणि २०१८ पासून प्राथमिक शाळेत त्याला विशेष विषयाचा दर्जा मिळाला. आठवड्याला साधारण एक तास असतो, पाठ्यपुस्तक असते, परंतु गुण दिले जात नाहीत. शिक्षक प्रगतिपत्रकात दोन-तीन वाक्ये लिहितात. शाळांतील छळाच्या गंभीर घटनांनंतर हा बदल झाला आणि त्यावर येथे टीकाही झाली, कारण मूल्यांचे सरकारी पुस्तक म्हटले की युद्धपूर्व काळाची आठवण येथील अनेकांना अस्वस्थ करते.

माझ्या मुलीवर दोतोकुच्या तासाचा किती परिणाम झाला हे मला सांगता येणार नाही. मात्र रोज दुपारी ती वर्ग झाडते आणि ओल्या फडक्याने फरशी पुसते, आणि पाळी आली की पांढरा अंगरखा व टोपी घालून तीसएक मुलांना जेवण वाढते. आमटी वाढताना शेवटच्या मुलापर्यंत ती पुरली पाहिजे, हे भान तिला कोणत्याही धड्याने दिले नसते. पहिल्या वर्षी तिच्या हातून शेवटच्या तिघांना रस्सा कमी पडला आणि ती घरी येऊन रडली होती. मी उगाच समजूत घालत बसले. दुसऱ्या दिवशी तिने डाव अर्धाच भरायला सुरुवात केली.

धाग्याच्या विषयाशी जुळणारा एक प्रसंग सांगते. ती पहिलीत असताना तिला रस्त्यावर दहा येनचे नाणे सापडले. आपल्या हिशेबाने पाच-सहा रुपये. मैत्रिणींनी सांगितले म्हणून ती ते कोपऱ्यावरच्या पोलीस चौकीत घेऊन गेली; मी मागोमाग गेले. तेथील हवालदाराने तिला खुर्चीवर बसवून नाणे कोठे, किती वाजता सापडले हे विचारत रीतसर अर्ज भरला. इतक्या क्षुल्लक रकमेसाठी एवढा सोपस्कार पाहून मला संकोच वाटला. तिला मात्र वाटला नाही.

हे सारे आदर्श आहे असे मला सुचवायचे नाही. रांगेत न बसणाऱ्या मुलाला येथे फार सोसावे लागते आणि गटाला काय वाटेल या धाकाने खरे न बोलणारी मुले मी पाहिली आहेत.

उचल

मी या चर्चेत थोडे वेगळे लिहिणार आहे. मी ऊसतोड मजुरांचा मुलगा आहे. दिवाळीच्या आगेमागे आई-वडील मुकादमाकडून उचल घेऊन कारखान्यावर जात आणि चार-पाच महिने मी आजीजवळ राही. आजीजवळ पैसे नसत असे नाही. पण ते मीठमिरचीसाठी मोजून ठेवलेले असत आणि त्यांत पेन्सिल कोठेच बसत नसे.

चौथीत असताना मी गुरुजींच्या टेबलावरची एक पेन्सिल उचलली. येथे बरेच जण चोरी चूक आहे हे मुलांना कसे कळावे यावर लिहीत आहेत. मला ते कळत होते. इतके कळत होते की ती पेन्सिल मी एकदाही वापरली नाही. घराच्या मागच्या भिंतीतल्या भगदाडात खुपसून ठेवली आणि वहीत लिहायला वर्गमित्राचा तुकडा मागून घेत राहिलो. मला कळत नव्हते ते एकच, की ती परत कशी ठेवायची. टेबलाजवळ जाताना कोणी पाहिले तर? गुरुजींनी विचारले तर? सांगण्याची वाट नव्हती, म्हणून मी दोन वर्षे चोर राहिलो. मग भिंत पावसात पडली.

बाई, तुमच्या दुकानात ४ रुपये नसलेल्या मुलाने काय करावे? वहीत लिहून पैसे टाकायचे, हा एकच सरळ मार्ग आहे. त्याच्याजवळ पैसे नसतील तर एक तर त्याने पेन्सिलीविना राहावे किंवा लबाडी करावी. असे दुकान ज्यांच्या खिशात नाणे आहे त्यांच्यासाठी सचोटीचे आहे. इतरांसाठी तो फक्त सापळा आहे.

आणि कॅमेऱ्याविषयी म्हणाल तर, कॅमेरा लावला असता तर मी पेन्सिल उचलली नसती, हे खरे. दुसरीकडून उचलली असती.

रोकडा

उचल, तुमचे लिहिणे वाचून माझी आधीची सूचना मागे घेतो. आमच्या दुकानात अर्धे गाव उधारीवर चालते आणि त्यातली बहुतेक उधारी हंगाम संपून माणसे गावी आली की फिटते. मी स्वतः रोज उधारीची वही लिहितो आणि मुलांच्या दुकानासाठी ते मला सुचले नाही, याचे नवल वाटते.

पाटीपेन्सिल

दीड महिन्याने लिहीत आहे. मधल्या काळात बरेच घडले, म्हणून क्रमाने सांगते.

ढाल आणि कॅमेरा या दोन्ही सूचना बैठकीत मागे पडल्या. दप्तरे उघडणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांनी एका सोमवारी परिपाठात, सर्व मुलांसमोर, त्या चौथीच्या मुलाची नाव घेऊन क्षमा मागितली. ‘मी न विचारता तुझे दप्तर उघडले आणि तुझ्याविषयी चुकीचे बोललो,’ एवढेच ते बोलले. मुले अवाक झाली होती. मुलाने मान डोलावली आणि खाली बघत उभा राहिला. तो अजूनही आमच्या दुकानातून काही घेत नाही. त्याच्या पेन्सिली आठवडी बाजारातूनच येतात आणि आम्ही त्याला काही विचारत नाही.

त्यानंतर मी वही घेऊन बसले आणि दोन महिन्यांच्या नोंदी एकेक करून पाहिल्या, जे खरे तर पहिल्याच तुटीनंतर करायला हवे होते. पहिली-दुसरीच्या मुलांच्या नोंदी सर्वांत जास्त होत्या. एके दिवशी मधल्या सुट्टीत मी खिडकीतून पाहिले. दुसरीतील एका मुलीने ३ रुपयांचे खोडरबर घेतले, डब्यात ५ रुपयांचे नाणे टाकले आणि अत्यंत मन लावून त्यातून ३ रुपये परत घेतले. तिच्या मते वस्तू ३ रुपयांची, म्हणून ३ रुपये परत. पुढच्या मुलाने ७ रुपयांच्या पट्टीसाठी १० रुपयांची नोट टाकली आणि काहीच न घेता निघून गेला. ज्या तुटीवरून आम्ही दप्तरे उघडली, तिच्यातला बराचसा भाग वजाबाकीचा होता, आणि वजाबाकी शिकवणे हे तर आमचेच काम! त्या दिवशी मला माझी फार लाज वाटली.

आता पहिली-दुसरीच्या प्रत्येक मुलाला चौथी-पाचवीतला एक जोडीदार आहे आणि सुट्या पैशांचा हिशेब दोघांनी मिळून करायचा असतो. वहीच्या शेवटी ‘उधारी’ असे पान केले आहे. त्यावर कोणीही नाव लिहून वस्तू घेऊ शकतो, कारण विचारले जात नाही. उचल यांचे लेखन वाचल्यावर मी मांडणीच्या खालच्या कप्प्यात दुसरा एक डबा ठेवला. त्यावर ‘परत’ एवढेच लिहिले आहे आणि त्यात काही टाकताना कोठेही नाव लिहावे लागत नाही. शनिवारी दोन्ही डबे सर्वांसमोर उघडतो. पहिल्या शनिवारी ‘परत’ डब्यात काही नव्हते. दुसऱ्या शनिवारी एक पट्टी निघाली, तिच्यावरचे नाव ब्लेडने खरवडलेले होते. तिसऱ्या शनिवारी सुटे ११ रुपये आणि अर्धे झिजलेले खोडरबर निघाले. खोडरबर पाहून मुले हसली, तेव्हा पाचवीतील एक मुलगी म्हणाली की हसाल तर पुढच्या वेळी कोणी टाकणार नाही. हे वाक्य माझ्या तोंडून निघायला हवे होते. पण बरे झाले, तिने ते आधी म्हटले.

सुरवंट यांच्या सूचनेप्रमाणे कथांची मोजणीही केली. जुलैपासूनच्या नोंदीत खोट्याचे वाईट फळ दाखवणाऱ्या १४ कथा होत्या आणि चूक कबूल करणाऱ्याला कोणी समजून घेतल्याच्या फक्त २. मुलांना सांगितले की बोधकथा पुस्तकातूनच हवी असे नाही, घरी घडलेली गोष्टही चालेल. आता येणाऱ्या गोष्टींना तात्पर्य नसते आणि काही तर अर्ध्यावरच संपतात. केंद्रप्रमुखांना ते फारसे रुचलेले नाही.

सप्टेंबरची तूट १९ रुपये आहे. त्यापैकी १२ रुपयांचा उलगडा झाला, एका जोडीने वह्यांची संख्या चुकीची लिहिली होती. उरलेल्या ७ रुपयांचे काय करायचे यावर पाचवीच्या वर्गात चर्चा झाली आणि त्यांनी वहीत ‘७ रुपये, कळले नाही’ अशी नोंद करायचे ठरवले. ती नोंद तशीच आहे.

काल एका अडचणीने मात्र आमचा बराच वेळ घेतला. माझ्या वर्गातील एक मुलगी पुढच्या आठवड्यात आई-वडिलांबरोबर कारखान्यावर जाणार आहे. आम्ही हंगामी वसतिगृहाचे सांगून पाहिले, पण धाकटा भाऊ सांभाळायला ती हवी असल्याने घरचे तयार नाहीत. तिच्या नावावर ९ रुपयांची उधारी होती. तिने काल ५ रुपये आणून डब्यात टाकले आणि उरलेले आणता येणार नाहीत असे मला हळूच सांगितले. वर्गातल्या एका मुलाने ते ऐकले आणि तिचे ४ रुपये माफ करावेत, असे सर्वांपुढे म्हटले. बहुतेकांनी हात वर केले. मीही फळ्याजवळ उभी राहून मनातल्या मनात हात वर केलाच होता. तेवढ्यात तीच उठली आणि म्हणाली, ‘खोडू नका बाई, मी चैतात येणार आहे.’

वहीत तिच्या नावापुढे ४ रुपये आहेत, आणि त्याखाली तिने स्वतःच्या अक्षरात ‘चैत’ असे लिहिले आहे.